बारुखाची शाई
मंडळीतील होतकरू लेखकांविषयी एक अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय ३६ व ४५, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८, रोमकरांस पत्र १६:२२.

पाठाचा मुद्दा : लेखक देव देतो; त्यास वाढविण्याचे काम तो मंडळीवर सोपवितो.

प्रस्तावना

आपल्या मंडळीत कोणी गाणारा पुढे आला म्हणजे आपण त्याच्यापुढे पेटी ठेवितो. कोणी बोलणारा पुढे आला म्हणजे त्यास प्रार्थनासभा चालवावयास सांगतो, आणि त्याचे वळण बरे दिसल्यास त्यास उपदेशकाच्या शिक्षणास पाठविण्याची गोष्ट निघते. परंतु कोणी लिहिणारा पुढे आला तर त्यास आपण काय देतो? बहुधा संडे स्कूलच्या हजेरीची वही, अथवा पंचांच्या सभेचा वृत्तांत लिहिण्याचे काम. ही कामेही सेवाच आहेत, त्यांस कोणी हलके लेखू नये. परंतु पेटी वाजविणाऱ्यास सूर शिकवावा लागतो, तसे लिहिणाऱ्यासही काही शिकवावे लागते, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही. लेखक हा आपोआप उगवणारा जीव आहे अशी आपली समजूत असते. उगवला तर देवाची कृपा. न उगवला तर कोणाचे काय गेले?

काय गेले, हे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. वयाच्या अठराव्या वर्षी त्याने १९७२ च्या दुष्काळातील आपल्या आजीच्या आठवणींवर एक लहानसा लेख लिहिला व हंगामाच्या सणात मंडळीपुढे वाचून दाखविला. वाचन संपताच एका वडील गृहस्थांनी वही मागून घेतली आणि शुद्धलेखनाच्या चुका एकेक करून मोठ्याने मोजल्या. सव्वीस भरल्या. लोक हसले. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. मुलगा सुधारावा एवढेच त्यांच्या मनात होते. परंतु ती वही जी मिटली ती नऊ वर्षे उघडली नाही. त्या नऊ वर्षांत आजी प्रभूकडे गेली. गावातील प्रार्थनामंदिरास जागा कोणी दिली, पहिला बाप्तिस्मा झाला त्या दिवशी विहिरीवर काय बोलाचाली झाली, कोणाच्या घरातून कोणास बाहेर काढले आणि कोणी त्यास रात्री भाकर नेऊन दिली, हे सर्व तिला ठाऊक होते. आज ते कोणासही ठाऊक नाही. सव्वीस चुका दुरुस्त करणे एका संध्याकाळचे काम होते. गेलेल्या आठवणी परत आणणे कोणाच्याही हाती नाही.

म्हणून आजचा पाठ केवळ लेखकांसाठी नाही. जे कधी एक ओळही लिहिणार नाहीत, परंतु ज्यांच्या शेजारच्या बाकावर एखादा लिहिणारा बसलेला आहे, त्यांच्यासाठी तो अधिक आहे.

शास्त्रपाठाचे विवरण

१. तेवीस वर्षांचा उपदेश आणि एक गुंडाळी

यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या चौथ्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तापूर्वी सुमारे ६०५ साली, देवाने यिर्मयास आज्ञा केली की, आजवर सांगितलेली सर्व वचने एका गुंडाळीत लिहून काढ. त्या वेळी यिर्मया तेवीस वर्षे उपदेश करीत आला होता, हे त्याच पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायावरून समजते. तेवीस वर्षे वेशीत, रस्त्यात व मंदिराच्या अंगणात बोललेला शब्द ऐकणाऱ्यांच्या कानांवर पडला आणि पुष्कळांच्या कानांतच विरला. आता तर यिर्मयास मंदिरात जाण्याची मनाई झाली होती. वक्त्याचे तोंड बंद झाले असता लेखकाची गरज उत्पन्न झाली.

यिर्मयाने नेरीयाचा पुत्र बारूख यास बोलाविले. यिर्मया सांगे आणि बारूख लिही. ह्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बारूख हा लेखनकलेत तयार झालेला मनुष्य होता. कोणी तरी त्यास कातडे अथवा पपायरस कसे धरावे, लेखणी कशी तासावी, शाई कशी घोटावी, स्तंभ कसे आखावेत हे पूर्वीच शिकविले होते. शिकविणाऱ्याचे नाव शास्त्रात नाही. परंतु त्याने ते काम केले नसते तर संकटाच्या दिवशी यिर्मयाच्या हाताशी बारूख नसता. अडचण आली म्हणजे लेखक शोधू, असे म्हणणाऱ्या मंडळीने हे लक्षात ठेवावे. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही.

२. ऐकणाऱ्यांची साखळी

पुढच्या वर्षीच्या नवव्या महिन्यात उपासाचा दिवस नेमला गेला. त्या दिवशी बारुखाने मंदिरात, शाफानाचा पुत्र गमऱ्या याच्या खोलीत, लोकांच्या कानी पडेल असे ते लिखाण वाचले. खोली गमऱ्याने दिली हे नीट ध्यानात घ्या. मग गमऱ्याचा मुलगा मीखाया याने ते ऐकले व जाऊन सरदारांस सांगितले. सरदारांनी बारुखास बोलावून आणिले, खाली बसविले व पुन्हा वाचावयास लाविले. ते भ्याले, परंतु त्यांनी त्याची थट्टा केली नाही. हे सर्व तू कसे लिहिलेस, असे त्यांनी विचारिले. तेव्हा तो सांगे आणि मी शाईने लिहीत गेलो, असे साधे उत्तर त्याने दिले. मग त्यांनी त्यास यिर्मयासह लपून राहण्याचा सल्ला दिला.

पाहा, एका लिखाणामागे किती माणसे उभी आहेत! एकाने सांगितले, एकाने लिहिले, एकाने जागा दिली, एकाने ऐकून दुसऱ्यास कळविले, काहींनी बसावयास सांगून शांतपणे ऐकून घेतले, काहींनी लेखकाचा जीव वाचविला. ह्या सर्वांत लेखणी हाती धरणारा एकच होता.

ह्या गमऱ्याविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८२ साली यरुशलेमातील दावीदनगराच्या उत्खननात एका जळालेल्या घराच्या जागी पन्नासांवर मातीच्या लहान मोहरा सापडल्या. पूर्वी कागदपत्र गुंडाळून दोरीने बांधीत व गाठीवर ओली माती दाबून तीवर मुद्रा उमटवीत. त्या ह्या मोहरा होत. त्यांपैकी एकीवर शाफानाचा पुत्र गमऱ्या असे नाव आहे, आणि तो हाच गमऱ्या असावा असे पुष्कळ अभ्यासकांस वाटते. खास्द्यांनी नगर जाळिले तेव्हा त्या घरातील कागद भस्म झाले, परंतु त्याच आगीत मातीच्या मोहरा भाजून पक्क्या झाल्या व आजवर टिकल्या. लेखकास आपली खोली देणाऱ्याचे नाव असे राहिले.

३. चाकू आणि शेगडी

राजा हिवाळ्याच्या महालात शेगडीपुढे बसला होता. यहूदी नावाच्या सेवकाने तीनचार स्तंभ वाचले की राजा ते लेखकाच्या चाकूने कापी व आगीत टाकी. असे करता करता सारी गुंडाळी जळून गेली. ज्या चाकूने लेखक आपली लेखणी तासतो त्याच चाकूने लेखकाचे काम कापले गेले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सुधारण्याचे साधन व नाश करण्याचे साधन पुष्कळदा एकच असते. भेद असतो तो हात कोणाचा आणि हेतू काय ह्यात. एलनाथान, दलाया व गमऱ्या ह्या तिघांनी राजास विनंती केली की गुंडाळी जाळू नये. त्यांचे चालले नाही. तरी ते बोलले, आणि शास्त्राने त्यांची नावे लिहून ठेविली.

मग काय झाले? देवाने सांगितले की दुसरी गुंडाळी घे. यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारुखाने पुन्हा लिहिले, आणि पहिल्या लिखाणात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. ज्या होतकरू लेखकाचा लेख परत आला आहे, ज्याची वही पावसाने भिजली आहे, अथवा ज्याच्या लिखाणास घरचे लोक हसले आहेत, त्याने हा अध्याय शेवटच्या वचनापर्यंत वाचावा. दुसरी प्रत पहिलीहून मोठी झाली. परंतु हेही पाहावे की दुसऱ्या वेळी बारूख एकटा नव्हता. यिर्मया त्याच्याजवळ बसला होता.

४. बारुखाचा सुस्कारा

पंचेचाळिसावा अध्याय अवघ्या पाच वचनांचा आहे, आणि तो केवळ एका लेखकासाठी आहे. लिहिता लिहिता बारूख थकला. दुःखावर दुःख येत आहे, विसावा कोठे नाही, असे तो कण्हू लागला. देवाने ते कण्हणे ऐकिले. राष्ट्रे उलथीपालथी होत असता एका लिहिणाऱ्याच्या थकव्याकडे देवाचे लक्ष होते! परंतु त्याने दिलेले उत्तर गोड गोड नव्हते. स्वतःच्या थोरवीच्या मागे लागण्याचा हा समय नव्हे, असे त्याने बारुखास बजाविले. आणि तो जेथे जाईल तेथे त्याचा जीव राखला जाईल एवढेच वचन दिले. लेखकास कीर्तीचे वचन मिळाले नाही, सोबतीचे मिळाले. नवा लेखक छापलेले नाव पाहण्यास उतावीळ होतो. तो उतावीळपणा मनुष्यस्वभावास धरून आहे, म्हणून त्यास धिक्कारू नये. पण त्यास हा अध्याय मायेने वाचून दाखवावा.

आपल्या मराठी मंडळीतील साक्ष

यिर्मयाच्या काळी जे घडले ते आपल्या भूमीतही घडले आहे. १८४२ साली अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केले. लिहिणाऱ्यास छापण्याची जागा मिळाली, आणि जागा मिळाली म्हणून लिहिणारे वाढले. बेळगाव व मुंबई येथील मिशनशाळांत शिकलेले बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले व १८५७ साली त्यांनी विधवांच्या दुःखावर ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. १८८८ साली त्यांनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. आपण कोण होतो व प्रभूने आपणांस कसे आणिले, हे मराठी ख्रिस्ती मनुष्याने सविस्तर लिहून ठेवण्याची वाट त्यांनी पाडून दिली.

परंतु लेखक कसा वाढवावा ह्याचा खरा पाठ आपणांस नारायण वामन टिळकांच्या घरात सापडतो. लक्ष्मीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. लिहावाचावयास त्यांस टिळकांनी शिकविले. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, कुटुंबाची ताटातूट झाली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे मोठे काव्य आरंभिले होते, परंतु त्याचे दहाच अध्याय झाले होते. पुढील साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले. पुढे वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी म्हणून मुलगा देवदत्त याने आईस आठवणी लिहून देण्याचा आग्रह केला. त्या आठवणी १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ ह्या नावाने भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या वेळी लक्ष्मीबाईंचे वय सहासष्ट वर्षांचे होते. १९३६ साली त्या प्रभूकडे गेल्या. आज मराठी भाषेतील उत्तम आत्मचरित्रांत ह्या पुस्तकाची गणना होते. नवऱ्याने अक्षर शिकविले, मुलाने विचारिले, आणि एका वृद्ध स्त्रीने सांगितले. मुलगा विचारावयास बसला नसता तर? आपापल्या घरातील वृद्ध मातेकडे पाहून प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःस करावा.

त्याच घरात आणखी एक तरुण वाढला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांस १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते टिळकांकडे नगरास राहिले. ते ख्रिस्ती नव्हते. तरी टिळकांनी त्यांच्या गुणाची पारख केली आणि लक्ष्मीबाईंनी त्यांस घरच्या मुलासारखे वागविले. त्यांचे रुसवेफुगवे सोसले, जेवूखाऊ घातले. १९१८ साली ऐन तारुण्यात त्यांचा अंत झाला. कवीला वृत्ते शिकविणे सोपे. त्याचा स्वभाव सोसणे कठीण. लेखकास वाढविण्यात स्वयंपाकघराचाही वाटा असतो, हे आपण ह्यावरून शिकावे.

केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. त्यासाठी त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे ही कामे त्यांनी सदनातील मुलींस व स्त्रियांस शिकविली. रमाबाई १९२२ साली वारल्या, आणि संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. मूळ लेखणी थांबली तरी काम थांबले नाही, कारण शिकलेले हात पुष्कळ होते.

होतकरू लेखकास कसे शिकवावे

अपुल्लो हा बोलण्यात पटाईत व शास्त्रात प्रवीण होता, परंतु त्याचे ज्ञान अपुरे होते. प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनी सभास्थानात उठून त्याची चूक दाखविली नाही. त्यांनी त्यास आपल्याकडे घेतले व देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. मग तो अखयास जाऊ लागला तेव्हा बंधुजनांनी त्यास उत्तेजन दिले व तेथील शिष्यांस पत्र लिहिले. दुरुस्ती घरात, शिफारस चारचौघांत, हा ह्या उताऱ्यातील क्रम आहे. आपण पुष्कळदा तो उलटा करितो. दोष चारचौघांत काढितो आणि स्तुती घरात पुटपुटतो.

ज्या मंडळीत असे दोनचार जण असतील तेथे रविवारच्या उपासनेनंतर तासभर लेखनवर्ग भरवावा. त्यासाठी मोठा पंडित नको. धीराचा मनुष्य हवा. सहा बैठकांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेविता येईल.

पहिली बैठक : ऐकणे. प्रत्येकाने मंडळीतील एका वृद्धाकडे जाऊन एकच प्रसंग ऐकावा. आपण थोडे बोलावे. हल्ली मोबाइलवर आवाज साठविता येतो, तो त्यांच्या परवानगीने जरूर साठवावा. परंतु तेवढ्याने काम झाले असे समजू नये. साठविलेला आवाज यंत्राबरोबर हरवतो, आणि तो पुन्हा ऐकावयास कोणास सवड होत नाही. त्याच रात्री लिहून काढावे.

दुसरी बैठक : प्रसंग मांडणे. कोण, कोठे, केव्हा, आणि मग काय झाले, एवढेच लिहावे. तात्पर्य शेवटी चिकटवू नये. नवशिका लिहितो, ‘सदर भगिनी अत्यंत श्रद्धाळू असून त्यांचे जीवन सर्वांस आदर्शवत होते.’ असे वाक्य कोणत्याही भगिनीविषयी लिहिता येते, म्हणून ते कोणाविषयीच नसते. त्याऐवजी असे लिहावे : ‘बहात्तरच्या दुष्काळात ती दिवसभर खडी फोडी. संध्याकाळी दळणास बसताना मूठभर ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकी. शनिवारी ते मडके ती पाळकांच्या घरी नेई आणि रिकामे परत आणी.’ श्रद्धा हा शब्द येथे कोठे नाही, तरी वाचणाऱ्यास ती दिसते.

तिसरी बैठक : मोठ्याने वाचणे. आपल्या मंडळीत पुष्कळांस वाचता येत नाही, अथवा वाचण्याचा सराव नाही. त्यांच्यापर्यंत आपले लिखाण कानांनीच जाणार. जेथे वाचणाऱ्याचा दम तुटतो तेथे वाक्य तोडावे. जेथे म्हातारीच्या तोंडचा शब्द पुसून पुस्तकी शब्द घातला असेल तेथे तिचा शब्द परत बसवावा.

चौथी बैठक : कापणे. लेखकाच्या हातीही चाकू आहे. तो त्याने स्वतःच्या लेखावर चालवावा. आरंभीच्या चार ओळी बहुधा काढून टाकण्याजोग्या असतात.

पाचवी बैठक : सत्य पाहणे. साल बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पाहावे, नाव कबरीच्या दगडावर पाहावे, प्रसंग दुसऱ्या साक्षीदारास विचारावा. साक्ष अधिक चमत्कारिक दिसावी म्हणून तीत भर घालू नये. देवास आपल्या अतिशयोक्तीची गरज नाही. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांस वाचून दाखवावे व प्रसिद्ध करण्यास त्यांची संमती घ्यावी. एखाद्या घरातील दुःख खरे असले तरी ते जगापुढे मांडण्याचा हक्क त्या घराचा आहे.

सहावी बैठक : स्वच्छ प्रत. आता शुद्धलेखन पाहावे, आधी नव्हे. ऱ्हस्वदीर्घ हे अंगावरच्या वस्त्रासारखे आहे. मूल जन्मल्यावर ते नेसवितात. कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, नाव, गाव व तारीख घालून प्रत करावी, आणि दुसरी प्रत जवळ ठेवावी. बारुखाची एकच प्रत होती, तिचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

मंडळीने कोणता आधार द्यावा

प्रथम वेळ द्यावा. शेतात व घरात राबून आलेल्या तरुणास, आणि त्याहून अधिक तरुणीस, लिहावयास निवांत घटका मिळत नाही. मुलगा लिहीत असला तर घर हळू बोलते. मुलगी लिहीत असली तर तिला पाण्यास पाठवितात. प्रिस्किल्लेचे नाव अक्विल्लाच्या आधी घेणाऱ्या शास्त्राचे आपण वाचक आहो. आठवड्यातून एक संध्याकाळ तिच्या वाट्याचे काम दुसऱ्याने करावे. हेही दान होय.

दुसरे, जागा द्यावी. गमऱ्याने खोली दिली. प्रार्थनामंदिराची एक खोली अथवा पाळकांच्या ओसरीवरील एक दिवा पुरे आहे. महिन्यातून एकदा उपासनेत पाच मिनिटे मंडळीतील कोणाचे तरी लिखाण वाचले जावे. छापून येईल तेव्हा येईल. ऐकणारी मंडळी आजच आहे.

तिसरे, पैसा द्यावा. वही, टपाल, शहरातील लेखकांच्या शिबिरास जाण्याचे गाडीभाडे, चांगली चार पुस्तके, ह्यांसाठी वर्षाच्या अंदाजपत्रकात लहानशी रक्कम धरावी. गाणाऱ्यांच्या पेटीस आपण पैसे देतोच.

चौथे, लेख परत आला असता जवळ बसावे. संपादकास पुष्कळ लेख परत करावे लागतात, आणि त्यात नेहमीच लेखाचा दोष असतो असे नाही. त्या दिवशी लेखकास उपदेश नको असतो. यिर्मयाप्रमाणे जवळ बसून, दुसरी गुंडाळी घे, एवढे म्हणणारा मनुष्य हवा असतो.

पाचवे, नाव द्यावे. रोमकरांस पत्र पौलाचे. परंतु ते ज्याच्या हाताने लिहिले गेले त्या तर्तियाने शेवटी आपला स्वतःचा सलाम लिहिला. पौलाने तो काढून टाकिला नाही. पाळकाने अथवा वडिलांनी तरुणाचे लिखाण आपल्या नावे वाचू नये. ज्याने श्रम केला त्याचे नाव घ्यावे, मग त्यास नम्रता शिकवावी.

आणि लेखकांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. मंडळीने आधार दिला नाही म्हणून मंडळीविषयी कडू होऊ नका. प्रस्तुत लेखकाने नऊ वर्षे वही मिटून ठेविली, ह्यात दोष हसणाऱ्यांचा होता तसा त्याचा स्वतःचाही होता. बारुखाचे लिखाण राजाने जाळिले. त्याने लेखणी मोडली नाही.

समारोप

वाचकहो, येत्या हंगामाच्या सणात कदाचित एखादा मुलगा अथवा मुलगी थरथरत्या हाताने वही धरून उभी राहील. तिच्या वहीत चुका असतील. तुमच्यापैकी जो अधिक शिकलेला आहे त्याच्या हातात त्या क्षणी चाकू असेल. त्याने त्या चाकूने लेखणी तासून द्यावी. आणि सभा संपल्यावर, सर्व लोक जेवावयास गेल्यावर, तिच्याजवळ जाऊन विचारावे, ‘बाळ, पुढे काय झाले ते तू लिहिले नाहीस; ते कोणास ठाऊक आहे? चल, आपण दोघे जाऊन विचारू.’

चर्चेसाठी प्रश्न

१. बारुखाची गुंडाळी लोकांपर्यंत पोहोचण्यात किती जणांचा हात होता? प्रत्येकाने काय केले ते सांगा.

२. राजाच्या हातातील चाकू व अपुल्लोस शिकविणाऱ्या जोडप्याची रीत ह्यांत कोणता भेद आहे?

३. पंचेचाळिसाव्या अध्यायात देवाने बारुखास काय नाकारिले व काय दिले?

४. देवदत्ताने आईस विचारिले नसते तर मराठी मंडळीचे काय नुकसान झाले असते? आपल्या घरात असा प्रश्न कोणास विचारावयाचा राहिला आहे?

५. आपल्या मंडळीत लिहिण्याची आवड असलेले कोण आहेत? त्यांत मुली व स्त्रिया किती? त्यांस ह्या वर्षी आपण नेमके काय देऊ?

घरचा अभ्यास : येत्या रविवारपर्यंत मंडळीतील सर्वांत वृद्ध सभासदाकडे जाऊन एक प्रसंग ऐका, एका पानात लिहा, आणि त्यांस वाचून दाखवा.

प्रार्थनेचे विषय : ज्यांनी लिहिणे सोडून दिले आहे त्यांच्यासाठी, ज्यांच्या आठवणी अद्याप कोणी विचारिल्या नाहीत अशा वृद्धांसाठी, आणि आपल्या शब्दाने कोणाची वही मिटली असेल तर त्याची क्षमा मागण्याचे धैर्य आपणांस मिळावे म्हणून.